मातीचे लोक

अमर्याच्या धाकट्या नातीचं दूध तोडलं आणि भाऊबंदांना जेवण घातलं, त्याच वर्षी यरुशलेमात देवाच्या घरावर छप्पर चढलं. त्या जेवणाला बाबेलकरांपैकी कोणी आलं नाही. बोलावणं गेलं होतं. त्यांचा निरोप आला, की तुमच्या घरची भांडी आम्हांला चालत नाहीत. निरोप घेऊन जो आला त्याला अमर्यानं पंगतीत बसवलं, आणि त्या गड्यानं त्याच भांड्यांतली मसुराची आमटी दोनदा मागून घेतली.

बाबेलकर हा शब्द अमर्याचाच. या लोकांच्या आजोबांना बाबेलच्या राजानं दोरीला बांधून नेलं होतं. पुढे बाबेलच बुडालं, पारसाच्या राजानं यांना जा म्हणून सांगितलं आणि नातवंडं परत आली. पण आली ती अशी, की धनी गावाहून परतावा आणि गडी त्याच्या खाटेवर झोपलेला सापडावा. मागं राहिलेल्या लोकांकडे ते तसंच बघत.

अमर्याला त्यांचं काहीच बघवत नसे. पहिल्या वर्षी त्यांनी घरं बांधली तीही बाबेलसारखी, कच्च्या विटांची. धाब्यावर दगडी रूळ फिरवून माती दाबावी लागते हे एकालाही ठाऊक नव्हतं. पाऊस लागला तेव्हा सगळे रात्रभर डोक्यावर पराती घेऊन बसले आणि सकाळी म्हणाले, की या देशावर देवाचा कोप आहे. जैतुनाचं तेल त्यांना कडू लागे. तिकडे तिळाचं खायची सवय. चढ चढताना त्यांना धाप लागे आणि मग पाटाच्या काठच्या खजुरांची आठवण निघे. बोलत अरामी. आपली जुनी भाषा बोलायला गेले तर तोंडात कढत शेंग धरल्यासारखी बोलत. घशातली अक्षरं गिळून टाकत. आणि असे लोक यरुशलेमच्या लोकांना यरुशलेम शिकवत होते.

अमर्याचा बाप मागं राहिलेल्यांतला. राजवाड्यातले, देवळातले, लोहार-सुतार असे नेण्याजोगे लोक नेले. बाकीचे द्राक्षमळे राखायला टाकून दिले. देवाचं घर जळताना त्यानं पाहिलं होतं. त्यानंतर दर वर्षी पाचव्या महिन्यात तो दाढी उतरवून, अंगरखा फाडून त्या जळक्या दगडांपाशी जायचा आणि मूठभर पीठ ठेवून यायचा. त्याच्या मागं अमर्यानं ते चालवलं. तिथली काटेरी झुडपं कापली, कोल्ह्यांना दगड मारले, वेदीची जागा उघडी ठेवली. बाप मरताना एवढंच म्हणाला होता, की हे घर पुन्हा उभं राहील तेव्हा वल्हांडणाच्या सणाचं कोकरू तू आत बसून खा. माझ्या वाटचं खा.

वीस वर्षांपूर्वी पाया घालायची वेळ आली तेव्हा अमर्या दोन मुलं, दोर आणि गाढव घेऊन टेकडीवर गेला होता. बाबेलकरांनी त्याला सांगितलं, की हे घर आम्हीच बांधणार, तुमचा याच्याशी संबंध नाही. गाढव मात्र ठेवून घेतलं. अमर्या तसाच घरी आला आणि त्या टेकडीकडे बघायचं नाही असं ठरवलं. बघत होताच. छप्पर चढलं तेव्हा कोणती तुळई वाकडी बसली हे त्याला घरातून सांगता येत होतं.

आता त्याची छाती बिघडली होती. खोकल्यातून रक्त पडत होतं. पुढच्या वर्षाचं वल्हांडण, पूर्वज गुलामीतून सुटले त्याचा सण, आपल्याला दिसणार नाही हे त्याला कळत होतं, आणि हे वल्हांडण त्या घरातलं पहिलंच होतं.

दवंडी फिरली. बाबेलहून आलेले सगळे आत बसून खातील. मागं राहिलेल्यांपैकी ज्याला बसायचं असेल त्यानं आधी बेलशुनूकडे जावं, आपलं घर स्वच्छ, मूर्तीविना असल्याचं सांगावं आणि मग वल्हांडणाच्या आदल्या दिवशी देवाच्या घराच्या अंगणात, सगळ्यांसमोर म्हणावं: मातीच्या लोकांपासून मी वेगळा झालो.

अमर्यानं ते ऐकलं आणि शेजारच्या गेरा कुंभाराला विचारलं, की यांच्यात कोणाला हसू आलं नाही का. गेरा म्हणाला, की बाबेलात हसू महाग असेल.

हसण्यासारखी गोष्ट ही होती, की मातीचे लोक हे नाव त्या देशात मानाचं होतं. ज्याची जमीन, ज्याचा मळा, ज्याला वेशीत बसून बोलायचा हक्क, तो मातीचा माणूस. बाबेलकरांनी तो शब्द तिकडे नेला आणि परत आणला तेव्हा तो शिवी झालेला होता. मूर्तिपूजक, अडाणी, बाटलेले, देवाचं नियमशास्त्र न कळणारे, हे सगळे आता मातीचे लोक.

अटारा, अमर्याची बायको, म्हणाली, "जाऊन तर या. तो काही खात नाही."

"त्याला आपली भांडी चालत नाहीत, माणूस कुठला खायला," अमर्या म्हणाला. पण गेला.

बेलशुनू पन्नाशीचा, गोरटेला, दाढीला तेल लावून कुरळी केलेला माणूस. बाबेलहून येऊन त्याला तीनच वर्षं झाली होती, पण नियमशास्त्र तोंडपाठ, म्हणून वडीलधाऱ्यांनी त्याला या कामावर बसवलं होतं. तो गालिच्यावर बसला होता. अमर्याला त्यानं दाराशीच चटई दिली.

त्यानं विचारलं, की घरात मूर्ती आहे का. बाकी सगळे नाही म्हणून सांगत होते. अमर्या म्हणाला, आहे. बायकोची आहे, सातूच्या रांजणात असते, दोन्ही हातांनी छाती धरलेली मातीची बाई, प्रत्येक घरात असते तशी. बेलशुनू गडबडला. खरं उत्तर आल्यावर काय करायचं ते त्यानं ठरवलेलं नव्हतं. शेवटी म्हणाला, की फोडावी लागेल. अमर्या म्हणाला, फोडू, मडकंच ते.

"मग अंगणात ते वाक्य म्हणायचं, बाबा. तेवढंच."

"ते नाही म्हणणार."

"का?"

"माझा पणजा मातीचा माणूस होता. राजाचा त्याच्याच चाकरांनी खून केला, तेव्हा मातीच्या लोकांनी त्या चाकरांना मारलं आणि आठ वर्षांच्या पोराला गादीवर बसवलं. त्यांत तो होता. तुझा पणजा तेव्हा वाड्यात मसाला कुटत असेल."

बेलशुनूनं राग गिळला. म्हणाला, की शब्दाचा अर्थ आता बदललाय.

"बाबेलात बदलला. इथं कोणी बदलला नाही."

"शब्दावर अडू नका, बाबा."

"बरं, नाही अडत. तुझं नाव काय म्हणालास?"

"बेलशुनू."

"म्हणजे काय?"

बेलशुनूनं गालिच्याचा कोपरा सरळ केला.

"मी सांगतो. बेल त्यांचा धनी. बेल म्हणजे तो बाबेलचा सोन्याचा देव ना, गाडीत घालून मिरवतात तो? माझं नाव अमर्या. याह बोलला. माझ्या नावात आपला देव आहे. तर या गावात ज्याच्या नावात याह आहे तो दाराशी चटईवर, आणि ज्याच्या नावात बेल आहे तो आत गालिच्यावर, आणि हा त्याला विचारतो घरात मूर्ती आहे का. वल्हांडण कधी, तर म्हणे निसानमध्ये. आम्ही त्याला अबीब म्हणत होतो, कोवळ्या कणसांचा महिना. आणि उन्हाळ्यात तुमचा तम्मूज. तम्मूज कोण रे? ज्याच्यासाठी बाया रडायच्या तोच देव ना? तुम्ही महिन्यांच्या नावांतून मूर्त्या मिरवता आणि आमच्या रांजणात हात घालता."

बेलशुनूचे कान लाल झाले होते. तो हळू म्हणाला, की ते नुसतं नाव आहे, तिकडे सगळ्यांचीच तशी असतात, बापानं ठेवलं.

"मग आमची बाईही नुसती माती आहे," असं म्हणून अमर्या उठला.

तो घरी आला तो कुस्ती मारून आल्यासारखा. गेराला त्यानं सगळं सांगितलं, गेरानं आणखी मीठ लावून पुढे सांगितलं. संध्याकाळपर्यंत गल्लीत बेलशुनूचं कोणी नाव घेईना. "काय म्हणतात धनी?" "धन्यांची दाढी आज सरळ आहे." अमर्या ओट्यावर बसून हे ऐकत होता आणि खोकता खोकता हसत होता.

अटारा दारात उभी होती. तिनं विचारलं, "मग जिंकलात?"

"जिंकलो."

"कोकरू मिळणार?"

अमर्याला पुन्हा खोकला आला.

अटारा आत गेली. रांजणात कोपरापर्यंत हात घालून तिनं ती बाई काढली, तिच्या अंगाचा सातू झटकला, पाट्यावर ठेवली आणि वरवंटा घातला. आवाजसुद्धा फारसा झाला नाही. पोकळच होती ती. तुकडे पदरात गोळा करून ती नवऱ्यापुढे आली.

"पाच बाळंतपणं काढली मी हिच्यासमोर," ती म्हणाली. "दोन जगली. हिनं काय केलं, काय नाही, मला ठाऊक नाही. पण कळा यायच्या तेव्हा ही समोर असायची, तुम्ही मळ्यात. फोडली मी. आता तुमचं एक वाक्य राहिलंय."

"वाक्य नाही ते. माझा बाप आहे तो."

"तुमच्या बापानं कोकरू खायला सांगितलं होतं. शब्द राखायला नव्हतं सांगितलं."

तो दोन दिवस तिच्याशी बोलला नाही. जैतुनाच्या मळ्यात जाऊन बसला आणि तिथं त्यानं स्वतःशीच एक वाट काढली. वाक्य कोणापुढे म्हणायचं? बेलशुनूपुढे. आणि बेलशुनू कोण? बेलचा माणूस, तेलकट दाढीचा, अक्षरं गिळणारा. अशा माणसापुढे काहीही बोललं तर ते बोलणं होत नाही. भिंतीपुढे शिवी दिली तर कोणाला लागते? खोटं खऱ्या माणसाशी बोललं तरच खोटं. हे त्याला पटलं. त्यानं मळ्यात, गाढवापुढे, ते वाक्य दोन-चार वेळा म्हणून पाहिलं. सहज आलं. गाढवानं कान हलवला, बेलशुनूनं याहून जास्त काही करू नये.

घरी येऊन त्यानं अटाराला सांगितलं, की येतो मी. तिनं त्याचा धुतलेला अंगरखा काढून ठेवला आणि कसं काय ठरवलं ते विचारलं नाही.

अंगणात गर्दी होती. देवाचं घर लहानच होतं. ज्यांनी जुनं पाहिलं होतं असे तीन-चार म्हातारे होते, ते मान हलवत होते. एका बाजूला बाबेलकर, गोंडे लावलेल्या कपड्यांत. दुसऱ्या बाजूला मागं राहिलेले, उन्हानं काळवंडलेले, हात कुठे ठेवावेत ते न कळणारे. मधे बेलशुनू. त्याला पाहून मागं राहिलेल्यांत खुसखुस झाली. कोणीतरी "धनी" म्हणालं, तेही त्याला ऐकू जाईल इतपत.

बेलशुनूनं ऐकलं असावं. त्यानं हात वर केला आणि बोलायला लागला, अरामीत नव्हे, जुन्या भाषेत. वाईट बोलत होता. दोनदा अडखळला, एक शब्द चुकीचाच वापरला, आणि हसू आणखी वाढलं.

तो म्हणाला, "कालपर्यंत माझ्या नावात बेल होता. मी रोज नियमशास्त्र वाचत होतो आणि रोज त्या नावाला ओ देत होतो. मला ते दिसलं नाही. एका मातीच्या माणसानं दाखवलं. ते नाव मी टाकलं. आजपासून मी याहूशुनू. याह त्यांचा धनी."

मग तो थांबला. त्याचं तोंड वाकडं झालं, आणि पुढचं तो अरामीतच बोलला, कारण जुन्या भाषेत त्याला ते येत नव्हतं.

"माझी आई तिकडे पाटाच्या काठी पुरली आहे. ती या नावानं मला हाक मारायची. आता त्या नावानं मला कोणी हाक मारू नका."

खुसखुस थांबली. बाबेलकरांच्या बाजूला काही जण पायांकडे बघू लागले. त्यांच्यांत बेल आणि नबो हे बाबेलचे देव नावात घेऊन फिरणारे आणखी बरेच होते. एकानंही तोंड उघडलं नाही, हेही खरं. त्यांची स्वच्छता दुसऱ्याच्या रांजणापुरतीच होती.

याहूशुनूनं डोळे पुसले आणि म्हणाला, "अमर्या."

अमर्या पुढे गेला. पाय नीट चालत होते. समोर उभा राहिला आणि त्यानं त्या माणसाकडे पाहिलं, तिरस्कार करण्याजोगं काहीतरी हवं म्हणून. दाढीला तेल होतं. अंगरख्याला गोंडे होते. पण डोळे लाल होते आणि नाक वाहत होतं, आणि तो ते बाहीनं पुसत होता, जसं कुणीही पुसतं. अमर्याला जी भिंत हवी होती ती तिथं नव्हती. माणूस होता. त्यानं आत्ताच सगळ्यांपुढे खरं सांगितलं होतं.

"म्हणा, बाबा," तो म्हणाला.

अमर्यानं तोंड उघडलं. मळ्यात गाढवापुढे सहज आलेलं वाक्य घशापर्यंत आलं आणि राहिलं. खोकला आला. तो ओसरला तरी वाक्य आलं नाही.

"तू परक्याचं नाव टाकलंस," अमर्या हलक्या आवाजात म्हणाला. "मी माझ्या बापाचं कसं टाकू?"

"तेही माझ्या बापानंच ठेवलं होतं."

मागून कोणीतरी लवकर करा म्हणालं. याहूशुनू घाई करत नव्हता, आणि तेच अमर्याला सहन होईना. त्यानं ढकललं असतं, दटावलं असतं, मातीचा म्हातारा म्हणून हिणवलं असतं, तर वाक्य पटकन निघालं असतं. शेवटी अमर्या वळला आणि फाटकाकडे चालू लागला. बाबेलकरांतला एक जण म्हणाला, की बघा, मूर्ती सुटत नाही यांच्याच्यानं. अमर्यानं त्याच्याकडे मान वळवून पाहिलंसुद्धा नाही.

अटारा आपल्यामागून येईल असं त्याला वाटलं होतं. चाळीस वर्षं ती त्याच्यामागून येत होती. फाटकाशी पोचला तेव्हा मागून तिचा आवाज ऐकू आला, स्पष्ट, घशातलं एकही अक्षर न गिळता: मातीच्या लोकांपासून मी वेगळी झाले. तिनं ते असं म्हटलं, जसं पीठ संपलं म्हणून सांगावं.

दुसऱ्या दिवशी सूर्य मावळल्यावर टेकडीवरून भाजल्या मांसाचा वास गल्लीत आला. गेरा ओट्यावर येऊन बसला. तोही गेला नव्हता. पण त्याला जायचंच नव्हतं, आणि या दोन गोष्टी वेगळ्या आहेत हे त्याला कळत नव्हतं. त्यानं याहूशुनूच्या रडण्याची नक्कल करायला घेतली. अमर्यानं त्याला घरी जा म्हणून सांगितलं. गेराला राग आला आणि तो गेला.

वल्हांडणाचं मांस घराबाहेर न्यायचं नसतं. हाडही नाही. उरलेलं पहाटे जाळायचं. त्यामुळे अटारा सकाळी आली ती रिकाम्या हातानं आली. तिच्या कपड्यांना धूर लागला होता. तिनं हात धुतले नव्हते. ती अमर्याशेजारी बसली आणि हात त्याच्या मांडीवर ठेवला. त्यानं तो उचलून नाकाशी नेला आणि परत ठेवला.

"कसं होतं?"

"कोकरू चांगलं होतं," ती म्हणाली. "भाजणाऱ्याला भाजता येत नव्हतं. बाहेरून कोळसा, आत कच्चं. भाकरीही चामड्यासारखी. एवढं नियमशास्त्र पाठ आणि विस्तव कळत नाही."

अमर्या हसला आणि खोकला. खोकला थांबेपर्यंत ती त्याची पाठ चोळत राहिली.

"तो होता?"

"होता. आमच्याच घोळक्यात बसला होता, मातीच्या लोकांत. त्याच्या लोकांनी बोलावलं तरी उठला नाही. तुमचा वाटा त्यानं काढून ठेवला होता. रात्रभर फाटकाकडे बघत होता."

"मग?"

"मग काय. पहाटे जाळला."

अमर्यानं मान हलवली. तसंच करायचं असतं, म्हणाला. वाटा कुठला होता ते त्यानं विचारलं. पुढच्या पायाचा, ती म्हणाली. तो बराच वेळ टेकडीकडे बघत बसला. नंतर त्यानं अंगणात जाताना घातलेला, अजून अंगावरच असलेला अंगरखा तिला काढून दिला, धुवायला टाक म्हणून.

अमर्या त्याच वर्षी द्राक्षं तोडायच्या दिवसांत वारला. अटारा त्याच्यानंतर नऊ वर्षांनी, हिवाळ्यात, वारली.